कडीची दोरी

वर्षभर दर शनिवारी सकाळी मी एक परकं घर उघडायचे. अमेरिकेतल्या डब्लिन गावापासून अर्ध्या तासावर, मक्याच्या शेतांच्या पलीकडे, ओहायोत सुरुवातीला येऊन राहिलेल्या लोकांचं एक गाव पुन्हा उभं करून ठेवलं आहे. लोहाराची भट्टी, एकखोली शाळा, विहीर आणि ओंडके रचून बांधलेली चार-पाच घरं. त्यातलं सगळ्यात लहान घर माझ्याकडे होतं. मी इथल्या युनिव्हर्सिटीत इतिहासाचं एम.ए. करत होते आणि कोर्सचा भाग म्हणून मला तिथं काम मिळालं होतं. घोट्यापर्यंतचा सुती झगा घालायचा, डोक्याला टोपडं बांधायचं, चूल पेटवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायचं, की हे लोक कसे आले, कसे राहिले.

पहिल्या दिवशी आरशात बघितलं तेव्हा मलाच हसू आलं. त्या काळी तिथं माझ्यासारखी दिसणारी बाई कुठून येणार? पण तिथली प्रमुख म्हणाली, "लोक चेहरा पाहत नाहीत. चूल बघतात. तुला चूल पेटवता येते ना?"

ही प्रमुख म्हणजे सत्तरीच्या पुढची एक बाई. तिचे खापरपणजोबा की त्यांचेही वडील असल्याच एका घरात राहिले होते. मी पहिल्या काडीत चूल पेटवली आणि तिनं मला ठेवून घेतलं. आईकडून आलेली एखादी गोष्ट एम.ए.च्या कामी येईल, असं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा चौथीपर्यंत शिकले होते. आईला सही येते, आणि बसची पाटी वाचता येते. ती नागपूरला एका शाळेत मुलांची खिचडी शिजवते.

त्या घरात मला सगळ्यात आवडायची ती दाराची कडी. आतल्या बाजूला लाकडाची एक पट्टी. ती खाचेत पडली की दार बंद. पट्टीला चामड्याची दोरी बांधलेली आणि ती दाराला पाडलेल्या भोकातून बाहेर सोडलेली. बाहेरच्यानं दोरी ओढली की पट्टी वर उचलली जाते आणि दार उघडतं. झोपताना दोरी आत ओढून घ्यायची, म्हणजे झालं कुलूप. दोरी बाहेर लोंबत असेल तर समजायचं, घरात माणूस आहे, या.

हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आन दिवसा चोरानं ओढली त?"

"चोर कुठून येणार गं जंगलात?"

"जंगलात चोर नसते त मंग त्याईनं दोरी आत काहून ओढली असन वं?"

मला उत्तर आलं नाही. प्रमुख बाईला विचारलं तर तिलाही आलं नाही. ती नुसती हसत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या आईला इथं घेऊन ये."

आणायचंच ठरलं होतं. मे महिन्यात माझा पदवीदान समारंभ होता. फेब्रुवारीत आई मुंबईला जाऊन मुलाखत देऊन आली. तिला व्हिसा मिळाला यावर आमच्या गल्लीत पहिले दोन दिवस कोणाचा विश्वासच बसला नाही. मी ज्यांच्या घरी एक खोली घेऊन राहत होते, त्या पुण्याच्या काकूंनी तिकीट बघून दिलं. शनिवारी मुलाला पोहायला सोडताना मला त्या गावापर्यंत सोडणाऱ्याही त्याच. "तुझ्या आईंना आपण नायगारा दाखवू," त्या म्हणायच्या, "आणि हो, त्यांना सांग, स्वेटर आणू नका, माझ्याकडे ढीग आहे." आईनं समारंभासाठी साडी घेतली. मोरपंखी. तिचा फोटो तिनं शेजारच्या पोरीकडून काढून पाठवला, साडी खाटेवर पसरून. मी तो फोटो दिवसातून दोन-तीनदा बघायचे.

मार्चच्या शेवटी तिचा फोन आला. माझी सकाळ, तिची संध्याकाळ.

"मोजणी लागली," ती म्हणाली.

हे काय आहे ते सांगायला हवं. आमचं घर नागपुरात एका नाल्याच्या काठावरच्या वस्तीत आहे. घर आमचं, खालची जागा आमची नाही. त्या जागेचा मालकी हक्काचा कागद, ज्याला आमच्याकडे पट्टा म्हणतात, तो मिळेल असं मी लहान असल्यापासून ऐकते आहे. बाबा त्याची वाट बघता बघता गेले. आता खरंच माणसं येणार होती. ती घर मोजणार, आत कोण राहतं ते बघणार आणि दारावर रंगानं नंबर टाकणार. नंबर पडला म्हणजे यादीत नाव आलं. मागे शेजारच्या वस्तीत मोजणी झाली तेव्हा ज्या घराला कुलूप दिसलं ते राहतं घर नाही असं धरलं गेलं. नंतर त्या लोकांनी किती चकरा मारल्या, पण नाव काही चढलं नाही. यावेळी एप्रिलच्या शेवटापासून मे संपेपर्यंत कधीही येतील, एवढंच वस्तीतल्या विहारात सांगितलं होतं. आईचं तिकीट बरोबर त्याच दिवसांतलं. आणि घरात ती एकटीच.

"शेजारच्या मावशींना बसव ना आपल्या घरी," मी म्हटलं.

"तिले तिचं घर नाही का?"

"मग मामांना गावाहून बोलव."

"मामाचं नाव हाय का आपल्या रेशन कार्डावर?" ती म्हणाली. मग सूर बदलून, "पाहू. अजून लय दिस हाय. लवकर आले मोजणीवाले त येऊनच जाईन मी."

मी एप्रिलभर त्याच आशेवर होते.

त्याच महिन्यात काकूंनी एक बेत काढला. मराठी मंडळातली सात-आठ कुटुंबं मुलांना घेऊन गाव बघायला येणार आणि मी सगळं मराठीत सांगायचं. "अगं, मुलांच्या कानावर जरा मराठी पडेल," काकू म्हणाल्या. "आणि हिस्ट्रीपण होईल. टू इन वन."

मी हो म्हटलं आणि मग घाबरले. जे मी वर्षभर इंग्रजीत घडाघडा बोलत होते त्यातली निम्मी वाक्यं मराठीत सांगता येईनात. मी रोज आईला फोन करून तिच्यावर सराव करू लागले. ती खिचडीची भांडी आवरून आलेली असायची, फोन खिडकीत टेकवून ठेवायची आणि ऐकायची. मी सांगितलं, की ही माणसं डोंगर ओलांडून आली, हातात कुऱ्हाड आणि पोत्यात बियाणं. सरकारची मोजणी व्हायच्या आधीच झाडं तोडून बसली. सरकारनं सैनिक पाठवून काहींच्या झोपड्या जाळल्या. सैनिक गेले की ती पुन्हा आली. पुढे बऱ्याच वर्षांनी कायदा झाला, की जो आधीपासून राहतोय त्याला जागेवर पहिला हक्क. घर बांधायच्या दिवशी आजूबाजूचे सगळे जमायचे आणि एका दिवसात भिंती उभ्या करायचे.

"आपलंबी एकाच दिसात झालं," आई म्हणाली. "रविवारी."

"रविवारी का?"

"रविवारी अतिक्रमणाची गाडी येत नाही, माय. सोमवारी आली त चूल पेटेल दिसली पाहिजे. तुह्या बाबानं बल्ल्या गाडल्या, गल्लीतल्या पाच जणाईनं टिनं ठोकली, अन् मी साऱ्यायचा सैपाक केला. सोमवारी गाडी आली त मी पोळ्या लाटून राहिली होती. तू पोटात होती."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. किंवा असेलही, पण अशी नव्हती. मी वहीत तिच्या गोष्टीची चार ओळींत टिपणं घेतली, जसं आर्काइव्हमध्ये घेते, आणि मग मला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

मग तिनं विचारलं, "आन त्याच्या आधी कोन होतं तिथं?"

"कुणी नाही. म्हणजे, जंगल. रिकामी जमीन." हे मी सवयीनं म्हटलं. शाळकरी मुलांना मी असंच सांगायचे.

"रिकामी कशी असन वं? आपला नालाबी रिकामा नव्हता. तिथं एका म्हशीवाल्याचा गोठा होता. आपण आलो, बाकीचे आले, त्याले जा लागलं. मी त्याच्या बायकोच्या डोळ्याले डोळा देत नव्हती लय दिस."

इतिहास तर मी शिकले होते. शॉनी, डेलावेअर, वायंडॉट या इथल्या मूळ रहिवासी जमाती, त्यांच्या शेतांची, त्यांच्या मक्याची, त्यांना एकेका करारानं पश्चिमेकडे कसं ढकललं त्याची पानंच्या पानं मी वाचली होती, त्यावर पेपर लिहिले होते. पण चुलीपुढे टोपडं बांधून उभी राहिले की माझ्या तोंडून 'रिकामी जमीन' निघायचं. त्या दिवशी मी वहीत, मंडळाला सांगायच्या मजकुराच्या पहिल्या ओळीच्या वर, आणखी एक ओळ लिहिली.

मंडळाचा रविवार आला. लोक जमले, मुलं जमली, कोणीतरी भडंग आणलं होतं. मी सुरुवातीलाच सांगितलं, की इथं आधी शॉनी लोकांची गावं आणि शेतं होती. मग आले ते लोक. आणि इथं माझी जीभ अडकली. इंग्रजीत त्यांना जे म्हणतात त्याला मराठी शब्द मला घरी सापडला नव्हता, तेव्हा नंतर बघू म्हणून मी जागा कोरी सोडली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडात जो शब्द तयार होता तो आला.

"मग आले अतिक्रमणवाले."

मग मोठी माणसं हसली. एक काका म्हणाले, "घ्या! म्हणजे ओहायो ही मूळची झोपडपट्टीच म्हणायची!" आणखी हसू. मला कानापर्यंत गरम झालं.

काकूंचा बारा वर्षांचा मुलगा पुढे आला. "आई, व्हॉट्स अतिक्रमणवाले?"

"काही नाही रे. पायोनियर्स म्हणायचंय तिला," काकू म्हणाल्या. "म्हणजे जे सगळ्यात पहिले आले ते."

"बट शी जस्ट सेड द शॉनी वेअर हिअर फर्स्ट."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे बघितलं. मग मी काय केलं, तर सगळ्यांना दारापाशी नेलं आणि मुलांना कडीची दोरी ओढायला दिली. पुढची पंधरा मिनिटं मुलं आतबाहेर करत राहिली, आणि कोणाला कुठल्या शब्दाची आठवण राहिली नाही. मला राहिली.

परतताना गाडीत मी काकूंना सांगून टाकलं. मुलगा मागे कानात हेडफोन घालून बसला होता. दोन वर्षं मी त्यांना एवढंच सांगत आले होते, की नागपूरला आमचं छोटं घर आहे. ते खोटं नव्हतं. पण त्यांनी 'छोटं'चा अर्थ जो लावला असेल तो मी लावू दिला होता.

"काकू, तो शब्द चुकून आला नाही. आमचं घरही अतिक्रमणातच आहे. नाल्याच्या काठी. त्याचीच आता मोजणी आहे, म्हणून आईचं यायचं अजून नक्की होत नाहीये."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काकू म्हणाल्या, "आम्ही बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. काकांना जॉब बदलायचाय, बदलता येत नाही. माझे वडील गेले तेव्हा व्हिसा स्टॅम्पिंगची भानगड होती. गेले असते तर परत येता आलं असतं की नाही, माहीत नव्हतं. नाही गेले मी." मग सिग्नल हिरवा झाला आणि त्या एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आम्हीपण अतिक्रमणवालेच गं. फक्त घराला गॅरेज आहे."

आम्ही दोघी हसलो. मागून मुलगा हेडफोन काढून म्हणाला, "व्हॉट? व्हॉट?" त्याला कोणी काही सांगितलं नाही.

एप्रिल संपला. मोजणीवाले आले नाहीत. तिकिटाला चार दिवस उरले असताना आईनं सांगितलं, की ती येत नाही.

मी फोनवर भांडले. कबूल करायला लाज वाटते, पण करते. मी म्हटलं, "अख्ख्या आयुष्यात एकदाच असतं हे, आई. तुला घर मोठं की मी?"

पलीकडे मागे कुकरची शिट्टी झाली. आईनं ती होऊ दिली.

"आन तू आली त कुठी उतरशीन?" ती म्हणाली.

तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. खरोखरच विचारत होती ती. मला रडू आलं आणि मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला. काकूंनी तिकीट कॅन्सल केलं. मला न विचारता त्यांनी त्या संध्याकाळी वरणफळं केली.

त्या शनिवारी मी गावात गेले तेव्हा प्रमुख बाई माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. पट्टा, कुलूप, नंबर, सगळं. ती चुलीजवळच्या स्टुलावर बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "या घरातली बाई आठवते ना तुला? जिची गोष्ट तू नेहमी सांगतेस?"

आठवत होती. त्या घराच्या मूळ मालकाची गोष्ट अशी, की तो जमिनीची नोंद करायला दूरच्या कचेरीत गेला आणि बर्फामुळे अडकून पडला. बायको दोन लेकरांसह इथंच राहिली, कारण घर रिकामं दिसलं असतं तर दुसरा कोणी येऊन बसला असता. मी ही गोष्ट दर शनिवारी चार-पाचदा सांगायचे. सांगताना म्हणायचे, "बिचारी वाट बघत राहिली." लोकही "अरेरे" म्हणायचे. त्या बाईनं तो हिवाळाभर घर सांभाळलं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिला वाट बघायला बसवून ठेवलं होतं.

"माझ्या घरात," प्रमुख बाई म्हणाली, "आमच्या त्या पूर्वजांच्या जमिनीचा, नवऱ्याची सही असलेला कागद जपून ठेवलाय. फ्रेम करून. बाईचं नाव त्यावर कुठेच नाही. तुझ्या आईच्या कागदावर नाव कोणाचं असेल?"

"आईचं," मी म्हटलं. "बाबा नाहीत आता."

"मग चांगलं आहे," ती म्हणाली आणि उठून सरपण आणायला गेली.

त्या दिवशी शाळकरी मुलांचा एक गट आला. मी गोष्ट सांगितली आणि 'बिचारी' म्हटलं नाही. कोणाला फरक कळला नसेल. एका मुलीनं मात्र विचारलं, "मग ती दिवसभर काय करायची?" मी म्हटलं, "चूल पेटती ठेवायची. बाहेरून धूर दिसला पाहिजे ना."

समारंभ सकाळी दहाला होता, म्हणजे आईकडे संध्याकाळचे साडेसात. मी झगा बदलून दुसरा झगा घातला आहे असंच मला वाटत होतं, फक्त हा काळा होता आणि टोपी चौकोनी. काकू वरच्या रांगेत बसून फोन धरून होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, की माझं नाव पुकारलं तेव्हा नेमकं त्यांच्या फोनवरचं चित्र अडकलं, आणि पलीकडून आई ओरडत होती, "गेली का? गेली का वर?" काकू इकडून ओरडत होत्या, "गेली, गेली, ताई! घेतली डिग्री!" आजूबाजूची गोरी माणसं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं आमच्यात असंच करतात.

बाहेर हिरवळीवर आल्यावर मी फोन हातात घेतला. चित्र आता नीट होतं. आई आमच्या घराच्या उंबऱ्यात बसली होती. मोरपंखी साडीत. मागे दार सताड उघडं, आतला दिवा लागलेला. शेजारच्या मावशी आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी तिच्या भोवती कोंडाळं करून. सगळ्यांच्या हातात पेढा.

"साडी नेसली तू," मी म्हटलं.

"मंग? घेतली कायले होती? टोपी दाखव."

मी टोपी दाखवली. मावशी म्हणाल्या, "बाप्पा, पाट ठेवला वं पोरीच्या डोक्यावर!" आणि सगळ्या हसत सुटल्या. आई हसता हसता पदर तोंडाला लावून बसली, आणि मग बराच वेळ तो खाली घेतला नाही.

मोजणीवाले त्यानंतर अकराव्या दिवशी आले. दुपारी. शाळेला उन्हाळी सुट्टीच होती, आणि आई तेवढे दिवस घर सोडून कुठेच गेली नव्हती. त्यांनी फीत लावून भिंती मोजल्या, कार्ड बघितलं, लाइटचं बिल बघितलं. एकानं विचारलं, "घरात दुसरं कोण राहतं?" आई म्हणाली, "पोरगी. अमेरिकेत शिकते." तो म्हणाला, "म्हणजे राहत नाही." आई म्हणाली, "राहते. शिकाले गेली हाय." तिनं मला हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यावर जोर देऊन. त्यानं माझं नाव लिहिलं की नाही ते तिला कळलं नाही. दारावर नंबर मात्र टाकला. फोटोत रंग ओला दिसतो, आकड्याचा एक थेंब खाली ओघळला आहे.

पट्टा अजून हातात यायचा आहे. त्याला किती दिवस लागतील कोणी सांगत नाही. पण आता घराला कुलूप लावता येतं. आई म्हणाली, "आता बोलाव मले. व्हिसा हाय ना अजून?"

व्हिसा आहे. ती ऑक्टोबरात येणार आहे. मी तोवर गावातलं काम वाढवून घेतलं आहे. प्रमुख बाईनं आईसाठी एक झगा बाजूला काढून ठेवलाय, कमरेला सैल असलेला. मी म्हटलं, आई साडीशिवाय काही नेसणार नाही. प्रमुख बाई म्हणाली, "मग साडी नेसून चूल पेटवेल. लोक चूल बघतात."

काल शनिवारी काम संपल्यावर मी घर आवरलं, राख झाकली, बाहेर पडून दार लोटलं. निघताना दोरी आत ढकलून ठेवायची आणि सकाळी तारेच्या आकड्यानं बाहेर काढायची, असा तिथला नियम आहे. मी ढकलली. मग चोर नव्हते तर दोरी आत का ओढायची, हा आईचा प्रश्न आठवला, आणि उत्तर अजून येत नाही हेही. तिला प्रत्यक्ष दार दाखवीन. तीच सांगेल काहीतरी.